अंधाराची खोली

बाप फोटोग्राफर, म्हणजे धंदा अंधाराचा.
पाटीवर मात्र तसं लिहिलेलं नव्हतं :
ओपुबो फोटो. पासपोर्ट, लग्न, मयत. उधारी नाही.

एकिरिअमात अंधार मिळत नसे.
खाडीपलीकडे कंपनीची चिमणी,
तिच्या तोंडाला ज्वाळा, दोन ताडांएवढी उंच.
तेलासोबत वर येणारा वायू
साठवण्यापेक्षा जाळून टाकणं स्वस्त,
म्हणून माझ्या जन्माआधीपासून जळतेय.
कोंबडे केव्हाही आरवत.
खेकडे बिळाच्या तोंडाशी थबकून राहत,
बाहेर यावं की नाही, ठरेना त्यांचं.
घरात वीज नव्हती,
आणि रात्रही नव्हती.

दिव्याखाली अंधार असतो म्हणतात.
बापानं दिव्याखाली बराच शोधला.
पत्र्याच्या खोलीची एकेक भेग डांबरानं बुजवली,
आतून आईचं सुतकातलं काळं वस्त्र ठोकलं
(सुतक आजीचं; आई तेव्हा होती).
तरी खिळ्याच्या भोकातून उजेड यायचाच
आणि डेव्हलपरमध्ये उमलणाऱ्या नवरीच्या कपाळावर
राखेसारखा बसायचा.
आमच्या गावचे सगळे फोटो थोडे धुरकट.
पोर्ट हारकोर्टच्या कचेरीतला कारकून म्हणे,
तुम्ही माणसं सगळी सारखीच दिसता.

मग लिस्बेट आली, सिनेमावाली,
बोटीतून उतरताना बूट हातात.
वाईट नव्हती. नावं लिहून घ्यायची,
उच्चार दोनदा विचारायची,
तामुनोसाकी हे नाव तर पाठच करून टाकलं तिनं.
ज्वाळेजवळ बायका कसाव्याचा ओला भुगा वाळवतात;
फुकटची आग, चार तासांत कडक.
इबिसोमावशी टोपलं घेऊन निघाली तर म्हणाली,
पुन्हा एकदा. ज्वाळा मागे राहू दे.
मावशी तेच टोपलं घेऊन तीन वेळा चालली.
तिसऱ्या खेपेला मान वळवून म्हणाली,
पाठ पोळतेय गं, झालं का तुझं?
हे वाक्य सिनेमात राहिलं.
खाली अक्षरं उमटली :
आम्ही आमची माती सोडणार नाही.

दोन वर्षांनी सिनेमा घेऊन ती परत आली,
दिलेला शब्द पाळायला.
चर्चच्या भिंतीवर चादर ताणली, जनरेटर लावला.
अख्खं गाव जमलं, म्हातारे स्टुलं घेऊन.
चादरीवर काहीच दिसेना.
ज्वाळेच्या उजेडात
ज्वाळेचा सिनेमा पार धुवून निघाला.
आवाज तेवढा येत होता,
आमचाच खोकला, दुसरीकडून.
लिस्बेट यंत्राची बटणं दाबत राहिली.
तिकडे लोकांनी आम्हाला
किती चांगल्या काळोखात बसून पाहिलं होतं,
हे तिच्या तेव्हाच लक्षात आलं असावं.

बाप उठला. म्हणाला, चला माझ्याकडे.

एका वेळी नऊजण मावत.
रांग धक्क्यापर्यंत गेली
आणि पहाटेपर्यंत सरेना,
पहाट म्हणजे घड्याळातली.
मी दारावर, माणसं मोजायला.
पहिल्या खेपेला बापानं दार लावलं,
लाल बल्ब मालवला,
आणि यंत्र सुरू व्हायच्या आधी
क्षणभर काहीच नव्हतं.
भिंत नाही, हात नाही, शेजारी नाही.
आईच्या मांडीवरून बोमानं विचारलं,
सहा वर्षांचा असेल :
हे काय आहे?
कोणी सांगितलं नाही त्याला.
चित्रं हलू लागली तसा तो रडायला लागला.
हे नको. मघाचं दाखवा.

लिस्बेट बाहेर वायर धरून उभी होती.
आत तिला जागा नव्हती,
आणि तिनं मागितलीही नाही.

इबिसोमावशी दोनदा आत गेली.
पहिल्यांदा स्वतःला पाहून म्हणाली,
टोपल्याचा कड फुटलाय, कोणी बोललं कसं नाही मला.
दुसऱ्यांदा सगळे बाहेर आले, ती आली नाही.
मी दार किलकिलं केलं.
ट्रे ठेवायच्या टेबलाखाली,
पाय पोटाशी घेऊन, चादरीकडे पाठ करून
ती झोपली होती.
रांगेतले ओरडायला लागले.
बापानं दार पुन्हा लावून घेतलं
आणि त्याला पाठ टेकून बसून राहिला.